नाळेवरचा पाय

"ज्यांची हाय त्यांनाच ती परकी वाटली, तर मंग ती कोनाचीच नाय," असं हेमाली एकदा म्हणाली होती. मितेश तेव्हा हसला होता. मारामारीच्या गेममधल्या बाईबद्दल कुणी एवढं बोलतं का!

हेमाली तांडेल दातिवऱ्याची. हिरामावशीच्या हाताखाली बोंबील वाळत घालत वाढली, मग तारापूरच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत लागली. जेवणाच्या सुट्टीत पाठकोऱ्या कागदांवर ती मावशीला काढायची. घट्ट कासोटा, हात कमरेवर, गिऱ्हाइकाकडे बघताना एक भुवई वर. मितेश वाणगावच्या चिकूवाडीतला, त्याच कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळायचा. त्यानं ती चित्रं पाहिली. दोघांनी बोईसरला खोली घेतली आणि तीन वर्षांत मोबाइलवरचा गेम उभा केला. त्यातली, मावशीवर बेतलेली हिरा टोपली फेकते, जाळं टाकून समोरच्याला फरफटत आणते. सफाळ्यापासून डहाणूपर्यंत 'हिरा मी घेणार' म्हणून भांडणं होतात. विरारच्या पलीकडे मात्र तिला कुत्रं विचारत नाही.

म्हणून हा शनिवार जड होता. वेगवेगळ्या गेममधले लढवय्ये एकत्र आणणारा मोठा गेम मुंबईची एक कंपनी काढत होती. पाहुण्याची एकच जागा उरली होती आणि नावं दोन. हिरा, नाहीतर देशभर गाजलेला एक रोबो. चित्रं हेमालीची, त्यामुळे तिच्या होकाराशिवाय काही होणार नव्हतं. ती पहिली पाळी संपवून डब्याच्या पिशवीसकट तशीच आली होती.

व्हिडिओ कॉल लागला आणि पडद्यावर कंपनीचा निमेश आला. "स्पष्ट बोलतो. रोबोला देश ओळखतो. हिराला एक जिल्हा."

"अर्धाच," हेमाली म्हणाली. "वर डोंगरात जव्हारला इचारा, कोन हिरा म्हनतील."

मितेशनं तिला टेबलाखाली पायानं डिवचलं. निमेश हसला. "मग घ्यायचं कशाला?"

"तुमचा रोबो समद्यांना आवडतो, पन तो कोनाच्या घरचा नाय. हरला तर कोन रडनार हाय? हिरा हरली ना, तर आमच्या बाया बाजारात बसून तुमाला शिव्या घालतील. तुमच्या रोबोसाठी कोन शिव्या घालील, सांगा."

निमेशनं बाजूला कुणाकडे तरी बघितलं. मग मान हलवली. "पटलं. हिरा ठरली. तुमचं दोघांचं 'हो' आलं की जाहीर करू. ही बघा, जिंकल्यावरची पोझ."

मितेशला श्वास मोकळा सोडायचा होता. तो सुटेना. पुढे काय दिसणार हे त्याला माहीत होतं.

पडद्यावर हिरा जिंकली. पायात गुडघ्यापर्यंत बूट. तिनं बोटीच्या नाळेवर धाडकन पाय ठेवला आणि हाताची घडी घातली.

नाळ म्हणजे बोटीचं पुढचं टोक. नारळी पौर्णिमेला तिचीच पूजा होते. दोन वर्षांपूर्वी मितेशनंच दातिवऱ्यात बुटाची नाडी बांधायला नाळेवर पाय टेकवला होता. हिरामावशी हातातला मासा तसाच घेऊन धावली होती. "अरं वाडीवाल्या, आयच्या डोक्यावर पाय ठेवतंस?" त्यानं बूट काढून नाळेला हात जोडले होते. मग मावशीनंच त्याला पोटभर जेवू घातलं होतं.

"हे बदला," हेमाली हळूच म्हणाली.

"आता? नाही जमणार. दोघांच्याही जाहिराती आधीच करून ठेवल्यात; बुधवारी मंजुरी आली म्हणून तर हिराची यावरच केली."

"कोनाची मंजुरी?"

निमेश गोंधळला. "मितेशची."

गेममधली बोट, गेममधला बूट, असं बुधवारी मितेशला वाटलं होतं. एकदा निवड झाली की हेमाली विरघळेल, असंही.

"हेमाली, बाहेरच्यांना काय कळतंय त्यातलं? मावशीला मी समजावतो. पाया पडतो तिच्या."

ती त्याच्याकडे बघत राहिली. तिची भुवई वर जाईल, ती तोंड सोडेल, याची तो वाट बघत होता. भुवई हलली नाही.

"फक्त 'हो' म्हणा," निमेश म्हणाला. "मग मी रोबोवाल्यांना नकार कळवतो."

हेमाली उठली. भिंतीवर मावशीचं पहिलं चित्र होतं, पाठकोऱ्या कागदावरचं. तिनं त्याच्या टाचण्या एकेक करून काढल्या, कागदाची घडी घालून डब्याच्या पिशवीत ठेवली, दाराशी चपला पायात सरकवल्या आणि 'हो' न म्हणताच जिना उतरून गेली.