मेणखडूचे पाच सेबर

१९७१ च्या हिवाळ्यात माझी पोस्टिंग पंजाबातल्या, सीमेजवळच्या एका विमानतळावर होती. हुद्दा कॉर्पोरल, काम इंजिन फिटरचं. घर पारशिवनीचं, शेतीचं. बैलजोडीवरून थेट जेट इंजिनाला हात घालणारा आमच्या घरातला मी पहिलाच, आणि त्याचा तोरा मी बराच मिरवत असे.

माझा जोडीदार वसंता, तोही कॉर्पोरल, नागपुरातल्या सक्करदऱ्याचा. त्याचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. पोराच्या हातात त्यांचीच कला उतरली होती. आमच्या स्क्वॉड्रनच्या नॅट विमानांवरचे नंबर, तिरंगी चक्र, धोक्याच्या सूचना, सगळं वसंताच रंगवायचा. रंगवताना तोंडाचा पट्टा चालूच.

लढाईच्या आधी, पोळ्याला, आम्ही दोघे सुटीवर आलो होतो. सक्करदऱ्याच्या तलावाजवळ चहा पीत बसलो असताना त्याच्या आळीतल्या एकानं विचारलं, "काहून गा वसंता, पाकिस्तानचं ते सेबर इमान लय मोठं आहे म्हणते. आपलं नॅट तं लहानसं."

"मच्छर हत्तीले पाहून पळते का?" वसंता म्हणाला. "अन् त्यांच्या चक्रात रंग किती? दोन. हिरवा अन् पांढरा. आपल्याले तीन. एका रंगानं तं आपण तसेच पुढं आहो."

सगळे हसले. मग त्यानं घरातून एक जुनी एक्स-रे फिल्म आणली. तिच्यात सेबरचे आकार कापलेले होते, एका ओळीत पाच. वैमानिकानं शत्रूचं विमान पाडलं, की त्याच्या कॉकपिटखाली विमानाची एक छोटी खूण रंगवायची, हा हवाई दलातला रिवाज. खूण एका वेळी एक. ही फिल्म पाचांची.

"एक-एक कोण काढत बसन?" तो म्हणाला. त्या वेळी मीही पोट धरून हसलो होतो.

डिसेंबरात लढाई पेटली. पहिल्याच दिवशी हुकूम आला, विमानांवरचे भडक रंग मंद करा. वेळ नव्हता, फवारणी यंत्र एकच. वसंता ब्रशनं हातानं रंग फासत होता आणि केशरी रंगावर करडा हात फिरवताना जीव तुटल्यासारखा कण्हत होता.

आमच्याकडचं विमान फ्लाइंग ऑफिसर सहाय यांचं. वय चोवीस, बोलणं कमी. तिसऱ्या दिवशी पहाटे वसंतानं त्यांच्या कॉकपिटखाली ती फिल्म धरली आणि धातूवर खुणा करायच्या पांढऱ्या मेणखडूनं पाच सेबर काढले. नुसत्या रेघा, आत रंग नाही; तो विमान पाडल्यावर भरायचा. साहेब शिडीवर चढताना थबकले.

"इतने?"

"अॅडव्हान्स, सर."

ते हसले आणि आत बसले.

आठ वाजून दहा मिनिटांनी सायरन झाला. सहाय साहेब आणि त्यांचा जोडीदार वैमानिक आपापल्या नॅटमधून वर गेले. आम्ही खंदकात उतरलो. दोन सेबर आले, अगदी झाडांच्या शेंड्यांवरून.

पुढची चार मिनिटं मी आजही डोळे मिटून पाहू शकतो. चहाच्या टपरीवर आम्ही ज्याला हत्ती म्हटलं होतं, ते एवढं मोठं विमान आभाळात पंखावर उभं राहून वळत होतं. साहेबांचं नॅट त्याच्या मागे, मग ते नॅटच्या मागे. कोण कोणाला धरतंय ते कळेना. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. भीतीचा नव्हता. माणूस असं काही करू शकतो, हे मला माहीतच नव्हतं. मी इंजिन खोलून जोडणारा माणूस, पण त्या इंजिनातून काय काढता येतं ते त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

वसंताचा पट्टा बंद पडला होता. तो एवढंच म्हणाला, "काय वळून राहिला गा तो!"

तो म्हणजे शत्रूचा वैमानिक.

मग विमानाच्या तोफांचा, कापड फाटल्यासारखा आवाज आला. एका सेबरमधून धूर निघाला आणि ते लांबवर उसाच्या शेतात पोटावर घसरलं. दुसरं निघून गेलं. रेडिओवर साहेबांचा आवाज आला, "वन डाउन. रिटर्निंग." आठ एकतीसला ते उतरले. उजव्या पंखात गोळ्यांची भोकं होती. त्यांनी आधी पाणी मागितलं. मग म्हणाले, "बहुत अच्छा उड़ा रहा था वो."

अकरा वाजता आम्हा चौघांना ट्रकमधून त्या सेबरकडे पाठवलं. शेतात गर्दी जमली होती. वैमानिक मेला होता. त्याला खाली काढून आमच्या डॉक्टरांनी चादर घातली होती. चादरीबाहेर एक बूट दिसत होता, पॉलिश केलेला.

विमानाचा पुढचा भाग शाबूत होता. कॉकपिटखाली पिवळ्या मेणखडूनं चार लहान विमानं काढलेली होती. आखूड शेपटी, बुटके पंख. आमची नॅट. नुसत्या रेघा, आत रंग नाही.

लोक हसू लागले. कोणी काठीनं त्या चित्रांवर ठोकलं. सगळ्यात मोठ्यानं वसंता हसला. "याची तं बोहणीच नाही झाली!"

हसत हसतच तो जवळ गेला आणि वाकला. तिथला करडा रंगही हातानंच फासलेला होता. रंगात ब्रशचा एक केस चिकटून वाळला होता. वसंतानं तो नखानं काढला, बोटावर धरला आणि पाहत राहिला. मग त्यानं खिशातलं रॉकेलचं फडकं काढलं आणि ती चारही चित्रं पुसून टाकली. काठीवाल्याकडे त्यानं असं पाहिलं, की तो मागे सरकला.

ट्रकमध्ये बसल्यावर तो मला म्हणाला, "मले दुसऱ्या विमानांचे नंबर कराचे आहे. तू आपल्या साहेबांच्या विमानावरचा खडू पुसून टाकजो. उद्या साहेबाले काही झालं तं त्यायच्यावर कोणी असं हसाले नाही पायजे."

"पुसतो," मी म्हणालो.

मी पुसला नाही. पंखाची भोकं बुजवायची होती, तेल बदलायचं होतं. काम संपलं तेव्हा फडकं माझ्या खिशातच होतं आणि गोष्ट डोक्यातून गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वीसला स्क्रॅम्बलचा, म्हणजे तातडीनं उडायचा हुकूम आला. साहेबांना सीटचे पट्टे आवळून देताना माझं लक्ष खाली गेलं. पाचही सेबर तसेच. माझा चेहरा पाहून साहेबांनी खाली पाहिलं. "अरे, ये रह गया," म्हणाले, आणि बाहेर वाकून हातमोज्यानं स्वतःच घासू लागले. हात तीनपर्यंत पोचला. दोन राहिले. मी फडकं काढेपर्यंत इंजिन सुरू झालं होतं. त्यांनी मला बाजूला व्हायची खूण केली.

सात छप्पन्नला त्यांच्या जोडीदाराचा आवाज आला. "लीडर इज डाउन. नो पॅराशूट." लीडर म्हणजे सहाय साहेब. विमान सीमेच्या पलीकडे पडलं होतं.

संध्याकाळी वसंतानं विचारलं, "खडू पुसला होता ना गा?"

"हो."

"पाचही?"

"पाचही."

हवाई दलातली नोकरी संपल्यावर मी कोराडीच्या वीज केंद्रात लागलो. वसंता सक्करदऱ्याला वडिलांच्या दुकानात बसला. दर डिसेंबरात मी बसनं त्याच्याकडे जायचो आणि दर डिसेंबरात तो तेच विचारायचा. बारा वर्षं मी "पाचही" म्हणत आलो. तिकडच्या कुठल्याशा शेतात लोक साहेबांच्या विमानाभोवती हसत असतील, कोणी काठीनं ठोकत असेल, हे माझ्या डोळ्यांसमोरून कधी गेलं नाही. आणि ते माझ्यामुळे.

मागच्या डिसेंबरात तो एका किराणा दुकानाची पाटी रंगवत होता. त्यानं विचारण्याआधीच मी सांगितलं. "दोन राहिले होते वसंता. मी विसरलो. तीन साहेबांनी स्वतः पुसले."

त्याचा ब्रश थांबला. मला वाटलं, आता हा मला दुकानाबाहेर काढणार, आणि काढलं असतं तर मी गेलो असतो. त्यानं ब्रश डब्यात ठेवला.

"म्हणजे तिकडल्याले दोनच पुसा लागले असन," तो म्हणाला.

"कोणाले?"

"ज्यानं त्या सेबरवर ते चार नॅट काढले होते त्याले. तोही गेला असन ना गा आपल्या साहेबाच्या विमानाजवळ."

आम्ही चहा मागवला. सहाय साहेबांचं नाव घेतलं. मग त्या सेबरच्या वैमानिकाचं घ्यायला गेलो, तर ते आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. वसंतानं माझ्यापुढे एक कप ठेवला, साहेबांसाठी एक, आणि शेजारी आणखी एक.