मधल्या गोलातले सर

काय सांगू तुम्हाला, वीस वर्षं जीवशास्त्र शिकवतोय, पण माझी जी फजिती झाली ती एका गुंडाळीनं! चहा घ्या, सांगतो.

कोल्हापुरातल्या आमच्या शाळेत मी नववीला संकल्पनाचित्रांनी शिकवतो. मध्ये गोल, त्यात मुख्य गोष्ट. भोवती बाकीचे गोल, जोडायला बाण. बाणावर क्रियापद हवंच, नाहीतर अर्धा गुण कापतो. आणि मिजास कसली, तर तक्त्याकडे पाठ करून शिकवायचं. तोंडपाठ आहे ना सगळं!

त्या दिवशी मुख्याध्यापक माझा तास बघायला शेवटच्या बाकावर बसले होते. घटक, वनस्पतींचं पोषण. सानियानं गुंडाळी सोडून तक्ता खिळ्याला अडकवला. मी मुलांकडे तोंड करून सुरू.

"बोला, मधल्या गोलात कोण?"

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मग सानिया हळूच म्हणाली, "तुम्ही हाईसा, सर."

मुख्याध्यापकांसमोर चेष्टा? मी ऐकलंच नाही असं दाखवलं.

"बरं, ह्याला जगायला काय लागतं?"

"च्या!" पुढून आरोळी. "बिनसाखरंचा!"

"आणि रक्तदाबाची गोळी! जेवल्यावर!"

"अरे, झाडाला कसली गोळी?"

मुख्याध्यापक मान खाली घालून लिहीत होते. मला घाम. पण मागे वळेन तर शपथ! उलट आवाज चढवला. "आणि हे सुकू नये म्हणून?"

सगळा वर्ग एका सुरात, "रविवारी गारगोटी! लेक!"

"पर सर," सानिया म्हणाली, "ह्या बाणावर क्रियापद न्हाय की."

"वो सर," मुख्याध्यापक म्हणाले, "मागं बघा की जरा."

वळलो. बायकोचं अक्षर.

शेवटच्या महिन्यात दवाखान्यात तिनं ते काढलं होतं. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर, माझ्याच पद्धतीनं, माझ्याच स्केचपेनांनी. मधल्या गोलात 'सर'. लेकीकडे जाणारा बाण रिकामा का, विचारलं होतं मी. "तो तुम्ही भरा," म्हणाली होती.

भिंतीवर लावायचा धीर झाला नाही. शाळेतच कपाटामागे, तक्त्यांच्या गुंडाळ्यांत ठेवून दिलं, आणि सानियानं नेमकं तेच उचलून आणलं होतं. ती गेल्यापासून गारगोटीला लेकीकडेही गेलो नव्हतो. लेकीचा फोन आला की म्हणायचो, पेपर तपासतोय. मे महिन्यातसुद्धा!

सानियाच्या हातात स्केचपेन दिलं.

"काय लिवू, सर?"

"लिही, 'भेटतात'."

मुख्याध्यापकांचा शेरा असा: घटक, वनस्पती. प्रत्यक्ष शिकवलेला घटक, सर. मुलांचा प्रतिसाद उत्तम.

आता लिहिलंय म्हटल्यावर जायला हवं! रविवारी एसटीनं गारगोटीला गेलो, गुंडाळी बगलेत. आईच्या हातचं काहीतरी आणतोय, असं लेकीला फोनवर सांगितलं होतं. कणकेचे हात धुऊन, पुसून ती समोर बसली. मी तिच्याकडे तोंड करून मोठ्या तोऱ्यात गुंडाळी सोडली.

तिनं वाकून एकेक गोल वाचला.

"बाबा," ती म्हणाली, "ह्यात हरितद्रव्य आहे."

घाईत वनस्पतींचा तक्ता उचलून आणला होता! दोन्ही गुंडाळ्या सारख्याच, बांधलेली दोरीही तीच.

लेक हसायला लागली. हसता हसता डोळे पुसायला लागली. मग माझ्यासारखाच चेहरा करून म्हणाली, "अर्धा गुण कापला. पुढच्या रविवारी येऊन भरून द्या."