रायरांचे कुंपण

नोकरीत खून, दरोडे, दंगे सगळे पाहिले. तरी घरी जेवताना मुले "एखादी केस सांगा" म्हणू लागली की माझ्या तोंडून आधी निघायची ती कोवलमच्या कुंपणाची चोरी. इतकी वर्षे झाली, पण तिच्यातला एकेक चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे. त्यांतली बरीच माणसे आता नाहीत, म्हणून नाव कोणाचेच घालत नाही.

पन्नासचे दशक सरत आले होते. मी मूळचा तंजावरचा. घरात मराठी, उंबरठ्याबाहेर तमिळ. नवा सब-इन्स्पेक्टर म्हणून मला मद्रासच्या दक्षिणेला, मिठागरांच्या पलीकडे एक लहानसे ठाणे मिळाले होते. कोवलम माझ्या हद्दीत येई. दारूबंदीचे दिवस होते. ठाण्याचा निम्मा वेळ हातभट्टीची मडकी फोडण्यात जाई आणि उरलेला बांधावरची भांडणे सोडवण्यात. माझे हेड कॉन्स्टेबल जुने जाणते होते. त्यांची टेबलाजवळ एक खुर्ची होती. फिर्यादी आला की ते त्याला आधी तिथे बसवत, पाणी देत आणि मगच मला हाक मारत. तापलेल्या माणसाची फिर्याद घेऊ नये, असे त्यांचे म्हणणे.

एका सकाळी त्या खुर्चीवर एक वयस्क गृहस्थ बसलेले दिसले. पांढरा सदरा, पंचा, हातात छत्री. रेल्वेत पूल बांधण्यात आयुष्य गेले होते. निवृत्त झाल्यावर मद्रास शहरातले एग्मोरचे घर सोडून कोवलमला समुद्रालगत बंगला बांधून ते आणि त्यांच्या पत्नी राहत होते. मी तंजावरचा हे कळताच त्यांनी इंग्रजी सोडली.

"आपलाच निघालास की रे! मग नीट लिहून घे. माझे कुंपण चोरतात हे लोक."

"कोण लोक, मामा?" आमच्याकडे अशा थोरांना मामा-मामी म्हणायची रीत.

"कोळी! दुसरे कोण? सुरूचे खांब, काटेरी तार. लावले की जातात. पुन्हा लावले, पुन्हा गेले."

मी सायकल काढून त्यांच्याबरोबर जागा पाहायला गेलो. बंगला टुमदार होता, पुढे माडांची रांग. तिन्ही बाजूंचे कुंपण शाबूत होते. गेले होते ते फक्त समुद्राकडचे, वाळूवरून पाण्यापर्यंत उतरणारे. मामांनी छत्रीचे टोक लाटांकडे रोखले.

"तो दगड दिसतो?"

ओहोटी होती. फेसातून एक चौकोनी काळा दगड डोके वर काढत होता.

"तो माझ्या हद्दीचा दगड. जमीन घेतली तेव्हा तो कोरड्यात होता, पुढे वाळू होती. समुद्र आत आला. अतिक्रमण समुद्राने केले, मी नाही! पट्टा माझा तिथपर्यंत आहे, मी कुंपणही तिथपर्यंत घालणार."

पट्टा म्हणजे जमिनीवरचा हक्क. गावच्या जमिनीची नोंद ठेवणारा कर्णम मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "कागदावर हद्द तिथवर आहे, त्यात रायरांचे चूक नाही, अय्या. पण भरतीचे पाणी जिथे पोहोचते ती जागा सरकारी पुरंबोक, सगळ्यांच्या वापराची. आता दगडच पाण्यात गेला. तहसीलदारांकडे अर्ज पडून आहे. त्यांनाही सुचत नाही काय ते."

मराठी माणसाला तिकडे रायर म्हणत, आणि साहेबाला अय्या. अख्ख्या कोळीवाड्यात मामा 'रायर' आणि मामी 'अम्मा'.

जमीन कोणाची हे ठरवणे पोलिसांचे काम नव्हे. तो दिवाणी मामला. पण खांब आणि तार उचलून नेण्यासारख्या वस्तू, त्या गेल्या तर चोरीच. मी गुन्हा नोंदवला. रात्रीची गस्त लावली. माझे शिपाई माडाखाली डास मारत बसले, कुणी फिरकले नाही. गस्त असतानाच्याच काळात आणखी खांब गेले. मामांनी ठाण्यात येऊन मला असे काही सुनावले की हेड कॉन्स्टेबल पाण्याचा पेला घेऊन उभेच राहिले.

खबर आली ती शेजारच्या बंगल्याच्या माळ्याकडून. कोळीवाड्याचा म्होरक्या आणि त्याचा धाकटा भाऊ खांद्यावर खांब घेऊन जाताना त्याने पाहिले होते. "कधी?" मी विचारले. "भर दुपारी," तो म्हणाला. मला ते विचित्र वाटले. भर दुपारी, उघड्या वाळूवर, कोण चोरी करतो? पण साक्षीदार होता. मी दोघांना ठाण्यात आणले, त्यांच्या झोपड्यांची झडती घेतली. पंचनाम्यात लिहिण्यासारखे काही सापडले नाही. खांब नाही, तारेचा तुकडा नाही.

म्होरक्या साठीच्या घरातला, उन्हाने काळाभोर झालेला. भाऊ लंगडत होता, पोटरीला पट्टी बांधलेली.

"खांब तुम्ही काढले?" मी विचारले.

"काढले, अय्या."

इतक्या सरळ उत्तराची मला सवय नव्हती. "कुठे ठेवले?"

त्याने डोक्यावरचे फडके काढून मांडीवर ठेवले.

"विकले?"

"छे! आम्ही चोर आहोत का?"

"मग कुणाच्या सांगण्यावरून काढले?"

त्याने भावाकडे पाहिले, मग जमिनीकडे. "ते तेवढे विचारू नका. लॉकअपमध्ये बसा म्हणालात तर बसतो."

हेड कॉन्स्टेबलनी आवाज चढवून पाहिला, मग गोडीने विचारून पाहिले. काही उपयोग झाला नाही. चौकशीला बसलेली माणसे मी पुढे खूप पाहिली. खोटे बोलणारा फार बोलतो. निरपराध चिडतो. पण कुणाला तरी शब्द देऊन आलेला माणूस वेगळाच गप्प बसतो, अगदी स्वस्थ. म्होरक्या तसा बसला होता. बाहेर त्याची बायको मासळीची पाटी बाजूला ठेवून ठाण्याच्या पायरीवर बसली होती आणि आम्हा सगळ्यांचा उद्धार करत होती. दोन्ही कर्ते पुरुष कोठडीत, दिवस पावसाळी, होडी किनाऱ्यावर पडलेली. घरात चूल पेटायची पंचाईत. मामा तर म्हणत होते की कोर्टातून शिक्षा झाल्याशिवाय सोडू नका.

भावाच्या पायाची पट्टी भिजली होती. मी ती बदलायला सांगितली. शिपायाने जुनी पट्टी सोडून टेबलाजवळ टाकली आणि माझी नजर तिच्यावर खिळली. ती एका जुन्या लुगड्याची पट्टी होती. तांबडा रुंद काठ, त्यावर बारीक रुद्राक्षाची वीण. कोळणी असली लुगडी नेसत नव्हत्या. माझ्या आईच्या पेटीत होती तसली, आमच्या तंजावरकडच्या बायका नेसतात ती.

दुपारचे जेवण तसेच टाकून मी सायकलवर बसलो.

बंगल्यावर मामा ओसरीत आरामखुर्चीत झोपले होते, पेपर छातीवर. घोरण्याचा आवाज फाटकापर्यंत येत होता. मामींनी तोंडावर बोट ठेवून मला मागच्या दाराने स्वयंपाकघराकडे नेले. ठेंगणी, गोरी बाई, कपाळावर मोठे कुंकू, अंगावर तसलेच रुंद काठाचे लुगडे.

"बस. कॉफी देत्ये," त्या म्हणाल्या.

मागच्या पडवीत माडाच्या झावळ्यांचा ढीग होता. मी त्याच्यावर बसलो आणि खालचे काहीतरी कडक टोचले. झावळी उचलून पाहिली. खाली सुरूचे खांब एकावर एक नीट रचलेले होते आणि बाजूला काटेरी तारेची वेटोळी, सुताच्या लडीसारखी गुंडाळलेली.

मामी कॉफीचा पेला घेऊन आल्या. माझ्या हातातली झावळी पाहून जराही दचकल्या नाहीत.

"सापडले का?" त्या म्हणाल्या. "बरे झाले. त्या दोघांना धरून नेलेस हे मज आत्ता सकाळी कळले. मी यायलाच निघाल्ये होत्ये."

"मामी, हे काय?"

"ते झोपतात ना दुपारचे, तेव्हा मी सांगत्ये, आणि हे दोघे येऊन काढतात. समुद्राकडचे तेवढेच. बाकीच्यास हात लावू देत नाही."

मग त्यांनी सांगितले. ऐन पावसाच्या दिवसांत एकदा समुद्र खवळला. कोळ्यांची कट्टुमरमे, म्हणजे ओंडके बांधून केलेल्या होड्या, नेहमीच्या जागी लागेनात. एक थेट बंगल्यासमोर आली. पाण्यातले कुंपण लाटांखाली दिसत नव्हते. होडी तारेत अडकली, उलटली, आणि म्होरक्याचा भाऊ तिच्याखाली गेला. मामी ओसरीतून पाहत होत्या. त्या तशाच गुडघाभर पाण्यात धावल्या. मागून धावत आलेल्या कोळणींनी आणि त्यांनी मिळून त्याला ओढून काढले. पोटरी फाटली होती. मामींनी आतले जुने लुगडे आणून तिथेच फाडले आणि बांधले.

"तो मेला असता रे," त्या म्हणाल्या. "माझ्या दारात."

"मामांना सांगितले नाही?"

"सांगितले की. ते म्हणाले, हक्काचा प्रश्न आहे." त्यांनी पेला माझ्यापुढे सरकवला. "पी, निवेल. ते उठले की मी ठाण्यात येत्ये. त्यांनाही आणत्ये."

संध्याकाळी बैलगाडी ठाण्यासमोर थांबली. मामा शिक्षेच्या अपेक्षेने आनंदात होते. मी दोघा भावांना बाहेर आणून बसवले. हेड कॉन्स्टेबलनी मामांना त्या खुर्चीवर बसवले आणि पाणी दिले. त्यांना बहुधा पुढचे कळले होते.

मामी उभ्या राहूनच बोलल्या. "लिहून घे. कुंपण मी काढवले. खांब माझ्या पडवीत आहेत."

मामांचा चेहरा लाल झाला. "तू? माझे कुंपण?"

"जमीन कुणाच्या नावे आहे?" मामींनी शांतपणे विचारले.

मी मामांकडे पाहिले. "मामा, कुणाच्या नावे आहे?"

त्यांनी घसा खाकरला. नोकरीत असताना घेतलेली जमीन. सरकारी माणसाच्या नावे जमीन असली की लोक चर्चा करतात, म्हणून त्यांनी ती पत्नीच्या नावे केली होती. सही झाल्या दिवसापासून ते हे विसरून गेले होते. "हिच्या," ते म्हणाले.

"मग कुंपण ठेवायचे की काढायचे, हा हक्क कुणाचा?"

पूल बांधणाऱ्या त्या माणसाने पाण्याचा पेला खाली ठेवला. मग म्हणाला, "तू मज सांगायचे तरी!"

"सांगितले. जेवताना सांगितले, देवाजवळ बसून सांगितले, तुमचे पाय चेपताना सांगितले. तुम्ही पेपर खाली केला नाहीत." इथे पहिल्यांदा त्यांचा आवाज कापला. "चाळीस वर्षांत तुमच्या शब्दाबाहेर गेल्ये का मी? पण तो माणूस पाण्याखाली होता हो."

मामांनी भावाच्या पायाकडे पाहिले. "ते माझ्या तारेने?" त्यांनी तमिळमध्ये विचारले. त्यांना वाटले होते होडीचा ओंडका लागला असेल. भाऊ नुसता हसला. मामा खुर्चीवरून उठले, त्याच्यासमोर जमिनीवर मांडी घातली आणि पट्टी सोडायला सांगितली. जखम पाहिली. मग म्होरक्याला म्हणाले, "तुम्ही तोंड का नाही उघडले? अम्मांनी सांगितले एवढे म्हणाला असता तर सुटला असता."

म्होरक्या म्हणाला, "अम्मांच्या घरात भांडण लागले असते, रायरे."

मामांनी पंच्याने डोळे पुसले. हेड कॉन्स्टेबल एकदम बाहेर गेले. पायरीवर बसलेल्या बाईला गप्प करायला, असे त्यांनी मागून सांगितले.

मालकिणीच्या संमतीने नेलेली वस्तू चोरीची होत नाही. मी मामींचा जबाब घेतला, दोघांना सोडले, आणि फिर्याद गैरसमजुतीतून झाल्याचा अहवाल मॅजिस्ट्रेटकडे पाठवला. माझ्या इन्स्पेक्टरांनी तो वाचून मला बोलावले, पुन्हा एकदा तोंडी सांगायला लावले आणि इतके हसले की बाहेरचे शिपाई डोकावून गेले.

मामांनी आपला दावा मात्र सोडला नाही. पाण्यातला दगड आपलाच, असे अर्ज ते तहसीलदारांना पाठवत राहिले. तत्त्वाचा प्रश्न होता. पुढच्या पावसाळ्यात वादळाचा इशारा आला म्हणून मी किनाऱ्यावर सूचना द्यायला गेलो, तर माडांच्या रांगेजवळ आरडाओरडा ऐकू आला. मला वाटले पुन्हा भांडण. पाहतो तो मामा पंचा खोचून, भिजत, कोळ्यांबरोबर कट्टुमरमच्या दोराला हात लावून ओरडत होते, "आणखी वर! तिथे नको, वाहून जाईल! अंगणात घ्या, माझ्या अंगणात!" आणि मागे मामी दारात कंदील धरून उभ्या राहून म्हणत होत्या, "माझ्या अंगणात म्हणा."

हक्क कुणाचा, हे कायद्याने ठरवता येते आणि ठरवलेच पाहिजे. मामांसारखा माणूस त्यासाठी भांडला तर त्यात वावगे नाही. पण हक्क सांगायला जो ठाण्यात येतो, त्याला बरेचदा आपल्याच घरात काय चालले आहे ते ठाऊक नसते. त्या केसनंतर मी एक सवय लावून घेतली आणि निवृत्त होईपर्यंत पाळली. कुणीही तावातावाने फिर्याद द्यायला आला, की सगळे लिहून झाल्यावर मी विचारायचो, "घरी आणखी कोण असतं?" आणि उठून त्या घरच्या माणसाला भेटायला जायचो.