द्रोणागिरीला फुटलेला पाईप आणि नेऱ्यातले बाबा

या सदरातले गूढ अनुभव मी नेहमी वाचते, पण खरं सांगू का – चहाबरोबर खारी खावी तसे. खाल्ली, संपली. एकही कधी खरा मानला नाही. नवीन पनवेलच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी चौदा वर्षं काम करते. दिवसभर नळ्या, आकडे आणि रिपोर्ट. कुणी "बाहेरचं काहीतरी आहे" म्हणायला लागलं की मी आधी त्याचं हिमोग्लोबिन विचारते. त्यामुळे हे लिहिताना जरा लाजल्यासारखंच होतंय… पण घडलंय माझ्या घरात आणि फोन लावलाय मी स्वतः. दुसऱ्या कुणाच्या नावावर ढकलताही येत नाही.

आम्ही नेऱ्याला राहतो. पनवेलच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी. घरात तिघंच – मी, माझा नवरा महेंद्र आणि माझे सासरे, म्हणजे बाबा. सासूबाई जाऊन सहा वर्षं झाली. बाबांनी उभं आयुष्य ट्रक चालवला. जुन्या गाड्यांमध्ये इंजिन अगदी ड्रायव्हरच्या मांडीला लागून असायचं, त्या घरघरीत त्यांचे कान गेले. ठार बहिरे. कानाचं मशीन आणलं, ते त्यांनी चार दिवस लावलं आणि "ह्यात नुसता वारा वाजतो" म्हणून कपाटात ठेवून दिलं. तेव्हापासून आमचं बोलणं पाटीवर. मी लिहायचं आणि त्यांनी तोंडाने उत्तर द्यायचं – तेही आख्ख्या आळीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं, हे सारखे माझ्यावर चिडतात. नंतर कळलं, हा माणूस "पोरी, जेवलीस का" हेसुद्धा ओरडूनच विचारतो.

आमची गाडी दहाचाकी. घेतली बाबांनी, आता चालवतो महेंद्र. बंदराजवळच्या द्रोणागिरीच्या गोदामांतून माल उचलायचा आणि पुण्याकडे न्यायचा, हा नेहमीचा धंदा. गेल्या वर्षी दिवाळीनंतर गाडी घाटात मार खायला लागली. भरलेली असली की चढाला दम तुटायचा, काळा धूर ओकायची. मेकॅनिक म्हणाला, सायलेन्सर आतून गंजून कोसळलाय, धुराचा पाईप कोंडलाय, गाडीला श्वास घेता येत नाही. बदलायचाच आहे तर जरा मोठा पाईप टाका.

महेंद्रला तेवढंच निमित्त हवं होतं. तीन इंचाच्या जागी चार इंची पाईप, कस्टम, गाडीच्या मापाने बनवलेला… आठवडाभर आमच्याकडे दुसरा विषय नव्हता. जेवताना मोबाईलवर मला पाईपांचे व्हिडिओ दाखवायचा. मी आपली "छान आहे" म्हणायची. मला सगळे सारखेच दिसत होते.

हे काम पनवेलमध्ये इक्बालचाचा करतात. हायवेपासून जरा आत पत्र्याची शेड, सत्तरीला आलेला माणूस, पांढरी दाढी, आणि वेल्डिंगचा काळा चष्मा नेहमी कपाळावर चढवलेला. सरळ पाईपचे तिरके तुकडे कापून, एकाला एक जोडून ते असा बेंड काढतात की जोड शोधावा लागतो. त्यांनी महेंद्रला आधीच बजावलं की पाईप मोठा करीन, पण आवाज मोठा करून देणार नाही. सायलेन्सर बसणारच. रस्त्याकडेला लेकरं झोपलेली असतात, त्यांची बददुवा मला नको.

बसवायच्या दिवशी बाबा हट्टाने गेले. मीही गेले, कारण घरी परत आणायला कुणीतरी हवं होतं. गाडी सुरू झाली तेव्हा सगळे कान देऊन उभे. बाबा मात्र वाकून गाडीखाली गेले आणि पाईप तापायच्या आत त्यांनी त्यावर तळहात ठेवला. इंजिनपासून मागे, हळूहळू सरकवत. चाचा बघत राहिले. एका ठिकाणी बाबांचा हात थांबला. बेंडच्या वर, इंजिनच्या बाजूला, जिथे जुन्या पाईपचा हातभर तुकडा चाचांनी तसाच ठेवला होता. "हितं बारीक थरथरतंय," बाबा म्हणाले.

चाचांनीही हात लावून पाहिला. त्यांना काही जाणवलं नाही, पण भाऊ – बाबांना ते भाऊच म्हणतात – सांगतात तर हाही बदलून टाकू, असं त्यांचं म्हणणं पडलं. महेंद्रला दुसऱ्या दिवशी पहाटे माल उचलायचा होता. तो म्हणाला, पुढच्या आठवड्यात बघू. तो आठवडा काही आला नाही.

त्यानंतर घरात एक गंमत सुरू झाली. तेव्हा आम्ही गंमतच म्हणत होतो. महेंद्रच्या यायच्या वेळेचा काही नेम नसतो. कधी अकराला, कधी चारला. आणि बाबा अचानक उठून त्याच्या अंघोळीचं पाणी तापवायला ठेवायचे. पाणी तापतंय तोवर गाडी दारात. एकदा मी मुद्दाम महेंद्रला विचारलं, तर बाबा पाणी ठेवायला उठले तेव्हा तो पळस्पे फाट्याला होता. म्हणजे चांगल्या अर्ध्या तासावर. मी म्हटलं, सवय असते. ड्रायव्हरला ड्रायव्हरचा अंदाज. महेंद्र मात्र खूश. त्याचं म्हणणं, पाईप एवढा भारी बसलाय की बहिऱ्यालाही ऐकू येतो. बाबांना मी पाटीवर हे लिहून दाखवलं, तेव्हा ते पोट धरून हसले होते.

आता तो गुरुवार. गुरुवारी मला सुट्टी असते. दुपारचे साडेबारा वाजून गेले होते. ओटीवर बसून बाबा आणि मी वालाच्या शेंगा सोलत होतो. महेंद्र सकाळीच द्रोणागिरीला गेला होता. त्याच्याबरोबर त्याचा मित्र दिनेशही त्याची गाडी घेऊन गेला होता, दोघांना एकाच गोदामात माल भरायचा होता. इथून तिथे जायला रस्त्याने तासभर तरी लागतो, हे लक्षात घ्या.

शेंगा सोलता सोलता बाबांचा हात थांबला. त्यांनी मान वर केली नाही. डावा हात छातीवर ठेवला आणि उजव्या हाताचा पंजा खाली लादीवर टेकवला. मला वाटलं, छातीत कळ आली. मी ग्लुकोज, ऍस्पिरिन, रिक्षा… सगळा विचार एका क्षणात करून उठले. तेवढ्यात ते बोलले. आणि जन्मात पहिल्यांदा मी त्यांना हळू बोलताना ऐकलं.

"पाईप फुटला. वरचा, बारका. धूर आत चाललाय. त्याला खाली उतरव."

मी पाटी ओढली आणि लिहिलं – गाडी द्रोणागिरीला आहे. त्यांनी वाचलं आणि पाटी हाताने बाजूला सारली. असं त्यांनी कधी केलं नव्हतं. "फोन लाव, पोरी."

मी फोन लावला तो त्यांच्या समाधानासाठी. खोटं कशाला बोलू. रिंग वाजली, कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा नाही. गाडी चालवत असेल म्हणून उचलत नसेल, असं मी मनाला सांगत होते, पण बाबांचा चेहरा वेगळंच सांगत होता. कपाळावर घाम, ओठ पांढरे, आणि श्वास असा, जसा बंद खोलीतला माणूस घेतो. समोर मोकळी ओटी, डोंगराकडून गार वारा येतोय, आणि हा माणूस घुसमटतोय.

मग मी दिनेशला फोन केला. तो गोदामाबाहेरच्या रांगेत महेंद्रच्या मागे तीन गाड्या सोडून होता. काय सांगावं तेच सुचेना. बाबांना स्वप्न पडलं म्हणू? शेवटी एवढंच म्हटलं, "दिनेशभाऊ, जरा पुढं जाऊन बघता का? ते फोन उचलत नाहीत."

"झोपला असंल वहिनी," तो म्हणाला. तरी उतरला. फोन चालूच होता. मला त्याच्या चपलांचा आवाज येत होता, गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते. मग काचेवर थापा मारल्याचा आवाज. एकदा, दोनदा. मग दिनेशने जोरात महेंद्रचं नाव घेतलं आणि फोन कट झाला.

त्यानंतरची मिनिटं किती होती ते मला सांगता येणार नाही. मी दिनेशला परत परत लावत होते. बाबांकडे माझं लक्षच नव्हतं. मग मागून त्यांचा आवाज आला, नेहमीसारखा मोठा.

"उतरला."

मी वळून पाहिलं. बाबांनी लांब श्वास सोडला, धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं आणि पुढ्यातली शेंग उचलून सोलायला लागले. त्यानंतर माझा फोन वाजला. दिनेश होता. महेंद्र स्टिअरिंगवर डोकं टेकून पडला होता, हाक मारून, हलवून उठेना. डावीकडच्या दाराची कडी लागली नव्हती, म्हणून त्याला ओढून बाहेर काढता आलं. आता शुद्धीवर येतोय, उलटी झालीय, दवाखान्यात नेतोय.

झालं होतं ते असं. रांग मुंगीच्या पावलांनी सरकत होती. गाडीचा सेल्फ-स्टार्टर त्रास देत होता, म्हणून महेंद्रने इंजिन बंद केलं नव्हतं. बाहेर धूळ, म्हणून काचा वर. गिअरच्या दांड्याखालचं रबर फाटलेलं, तिथून धूर केबिनमध्ये येत राहिला. त्याचं डोकं जड झालं, त्याला वाटलं झोप येतेय. डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला, संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं. आणखी थोडा वेळ गेला असता तर कठीण होतं, असं ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी इक्बालचाचा स्वतः द्रोणागिरीला गेले. गाडीखाली शिरून त्यांनी एकेक जोड तपासला. त्यांचे नवे जोड सगळे शाबूत होते. तडा होता जुन्या तुकड्याला, बेंडच्या वर, बोटभर लांब आणि केसासारखा बारीक. परत आल्यावर मला म्हणाले, "बेटी, चाळीस वर्षं पाईप बनवतोय. हा तडा मी शेजारी उभा राहूनसुद्धा ऐकला नसता. भाऊंनी घरात बसून कसा ऐकला?" मग त्यांनी तो तुकडा काढला, तिथेही चार इंची बसवला, आणि घाई करणाऱ्या महेंद्रला या वेळी शेडमध्ये दिवसभर बसवून ठेवलं. महेंद्र गुपचूप बसला.

मी माझ्या परीने खूप डोकं लावलंय. तो तुकडा कच्चा आहे हे बाबांना आधीच हाताला लागलं होतं, हे मान्य. मनात काळजी घर करून बसली असेल, हेही मान्य. पण मग त्याच दुपारी का? त्याच घटकेला का? आणि "उतरला" हे त्यांनी दिनेशच्या फोनच्या आधी कसं म्हटलं? मी तिथे होते. फोन माझ्या हातात होता.

बाबांना मी विचारलं. पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलं – तुम्हाला कळलं कसं? त्यांनी वाचलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं मीच काहीतरी विचित्र बोलतेय. "कळलं म्हंजे? मला घुसमटलं. तुला नाय घुसमटलं?"

महिन्याभराने मी त्यांना पनवेलच्या कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. खोटं सांगितलं, लॅबमधून फुकट तपासणी आहे म्हणून. काचेच्या छोट्या खोलीत त्यांना बसवलं, कानांना हेडफोन लावले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं, हे मी तीनदा लिहून समजावलं. बाहेरच्या मुलीने आवाज वाढवत नेला. शेवटी शेवटी तर तो हेडफोनमधून आम्हाला काचेबाहेर ऐकू यायला लागला. बाबा आत शांत बसले होते. अंगठा बटणावर तयार, आणि नजर काचेतून माझ्यावर. मधूनच हसत होते. बटण एकदाही दाबलं नाही.

रिपोर्ट माझ्याकडे आहे. त्यात एकाही आवाजाची नोंद नाही. ज्या कागदांवर मी चौदा वर्षं विश्वास ठेवला, त्यातला हा एक, आणि मला त्याचं काय करायचं ते कळत नाही. तुमच्यापैकी कुणी डॉक्टर असेल, इंजिनियर असेल, तर जरूर सांगा. मला आजपर्यंत पटेल असं कुणी काही सांगितलेलं नाही.

बाबा बाहेर आले, चपला घातल्या आणि वेटिंग रूममधली वीसेक माणसं दचकतील एवढ्या मोठ्याने त्यांनी मला विचारलं, "पास झालो का, पोरी?"

मी मान डोलावली. हो म्हटलं.