पापणीचे केस उपटणारी जाऊ

मालतीबाईंची बोलती बंद करणारा माणूस जुईनगर गावात अजून जन्मला नव्हता. भाडेकरू त्यांना टरकून असत, मतं मागायला आलेले पुढारी त्यांची गल्ली टाळत. अपवाद फक्त धाकटी जाऊ विजयमाला, आणि तीही हातात चिमटा असेपर्यंतच.

मालतीबाईंच्या पापणीचे केस उलटे वाढायचे आणि बुबुळाला टोचायचे. ते उपटण्याइतका स्थिर हात भावकीत फक्त विजयमालाचा. दोघींचं एरवीचं बोलणं मात्र दिपेशच्या हळदीपासून बंद. मालतीबाईंच्या या लेकाच्या हळदीच्या बॅनरवर झाडून सगळ्यांचे फोटो झळकले, शेजाऱ्याच्या कुत्र्याचासुद्धा, आणि नेमका काकूचा राहिला. तरी पंधरवड्यातून एकदा ती समोरच्या घरातून यायची आणि जावेची मान उजेडाकडे वळवायची.

"हालू नको, नायतर डोला जाल."

मग केस उपटता उपटता बॅनरपासून थेट सासूच्या काळापर्यंतचे सगळे हिशेब चुकते करायची. डोळ्यापाशी चिमटा असताना उलट उत्तर कोण देणार? मालतीबाई मुकाट ऐकायच्या, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते आवडायचं.

डॉक्टरीणबाईंनी मात्र साफ सांगितलं, "उपटून भागणार नाही. बुबुळ पांढरं पडत चाललंय. पापणीची कड कापून बाहेर वळवावी लागेल."

मालतीबाई चालढकल करू लागल्या. आई सुरीला घाबरली, असं दिपेशला वाटलं. सुरीला त्या कसल्या घाबरतात! चिमट्याचं काम संपलं की विजयमाला कशाला उंबरा चढेल, ही धास्ती होती. पण डोळाही हवाच होता.

ऑपरेशन झालं, टाके निघाले. जग लख्ख दिसू लागलं, भाडेकरूंच्या वाळत घातलेल्या फाटक्या चड्ड्यांसकट. पंधरवडा उलटला, विजयमाला फिरकली नाही. मालतीबाईंना घर खायला उठलं.

शेवटी थोरलेपण गुंडाळून ठेवून त्या स्वतःच चिमटा घेऊन समोर गेल्या. विजयमाला ओटीवर सुकट निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"त्वांड वर कर. हनवटीला केस आयलाय तुजे. मना आता सगला दिसते."

विजयमाला तोंड उघडणार, तोच मालतीबाईंनी तिची हनुवटी पकडली.

"हालू नको. आता मी बोलतंय."

केस एकच होता. पण मांजराने सगळी सुकट फस्त केली, तरी तो उपटून झाला नव्हता.