साळूबाईनं दिलेलं पाणी

मेढा, गुरुवार, ४ नोव्हेंबर १९४३. सकाळी धुकं, मग कडक ऊन. दूध उशिरा आलं. समोर साळूबाईच्या भट्टीवर हरिबाची आरडाओरड.

डॉक्टरांच्या घरातल्या मनुबाईंनी दुपारच्या आधी रोजनिशीत एवढंच लिहिलं होतं.

साळूबाईचा नवरा, सयाजी लोहार, फौजेत गेला होता. भाता ओढणं, घण मारणं ती लग्नापासून करत आली. पाणी देणं मात्र सयाजीचं काम. लाल तापलेलं पातं नेमक्या रंगावर पाण्यात बुडवलं की धार टणक होते, ते पाणी देणं. गाव माणसांबद्दलही तसंच बोलायचं. धमक असली की ‘पाणी हाय’, नसली की ‘पाणीच न्हाई’.

त्या सकाळी शेतकरी हरिबानं मोडका विळा तिच्यापुढं टाकला. "भाताला लावला न लावला तवर कटकन मोडला! बाईच्या हातचं पाणी हे. उद्यापास्नं समदी खालच्या गावच्या लोहाराकडं जात्यात का न्हाई बघ."

"आवं भाऊजी, मोडला म्हंजी पाणी लय कडक झालं. कमी पडलं असतं तर वाकला असता."

"आता तू शिकीव मला!"

गावाचं काम गेलं की त्या बदल्यात सुगीला घरात येणारं भातही गेलं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं तुकडा उचलून पाहिला. मोडलेल्या जागी साखरेसारखा जाड दाणा होता. म्हणजे पातं फाजील तापलं होतं.

नवरा नसताना अंधाऱ्या खोपीत बाप्ये येऊन बसले तर लोक नावं ठेवतील, म्हणून तिनं भट्टी अंगणात मांडली होती. उन्हात लाली फिकी दिसते. रंग चढलाच नाही असं वाटून ती तापवतच राहिली होती.

"आत्याबाई, भट्टी आत न्यायला पायजे," ती सासूला, दगडाबाईला, म्हणाली.

"आन् लोकं?"

"अंधाराबिगर रंग दिसत न्हाई."

 दगडाबाईनं उठून पोतं झटकलं आणि खोपीच्या दारात अंथरलं. "म्या बसते हितं. ज्याला नावं ठेवायची त्यानं माझ्या म्होरनं आत जावं."

निखारे आत गेले. साळूबाईनं त्याच विळ्याचं टोक नव्यानं घडवलं, तापवलं आणि जास्वंदीसारखी लाली येताच पाण्यात धरलं. मग उरलेल्या धगीनं धारेवर चढणारा पिवळसर रंग बघून, कडकपणा थोडा उतरताच, पुन्हा विझवलं. हरिबानं विळा दगडावर आपटला. टोक खांबाच्या फटीत खुपसून जोर दिला. पातं लवलं, सुटलं आणि सरळ झालं.

"दुसरा बी आणतो," तो म्हणाला. "भावाचाबी."

"का रं? खालच्या गावाला जातूयास न्हवं?" दगडाबाईनं दारातून विचारलं.

"लांब पडतंय, म्हातारे."

संध्याकाळी मनुबाईंनी त्याच पानावर लिहिलं: विळी पाणी द्यायला साळूबाईकडे दिली. भोपळा चिरायचा तसाच राहिला, रात्री पिठलं केलं.