भ्यायचं मी बगतो

भित्रेपणात आमच्या घरमालकांचा हात धरणारा माणूस सबंध मुळशी तालुक्यात शोधून सापडायचा नाही. चांदे गावात त्यांच्या वरच्या दोन खोल्यांत आम्ही राहायला आलो, त्या दिवशी माझ्या कुकरची पहिली शिट्टी झाली आणि हा सहा फुटी, झुपकेदार मिशांचा गडी जो अंगणात पळाला, तो गॅस बंद होईपर्यंत घरात शिरलाच नाही. गीझर लावायचा तर आधी घरातल्या सगळ्यांना चपला घालायला लावणार. हिंजवडीला एकदा लिफ्टमध्ये चढले, तर शेजारच्या अनोळखी साहेबाचा दंड घट्ट धरून सातव्या मजल्यापर्यंत "मधीच थांबली तर वो?" एवढंच विचारत राहिले म्हणे! बरं, या सगळ्याची त्यांना तसूभरही लाज नाही. उलट अभिमानच. "ताई, भ्यायचं काम एकानं करावं," ते मला समजावत. "समदीच भ्यायला लागली तर चालायचं कुनी?"

मी तरी कुठली शूर! गच्चीच्या कठड्याजवळच्या दोरीवर मी आजतागायत कपडे वाळत घातलेले नाहीत. पण स्वयंपाकघराच्या खिडकीतून रिहे गावाच्या खोऱ्यामागचा डोंगर रोज दिसायचा, आणि माथ्यावरून धरणाचं सगळं पाणी दिसतं, असं जो तो सांगायचा. एकदा तरी ते बघायचंच, असं मी मनावर घेतलं. नवऱ्यानं दुखरा गुडघा पुढे केला. घरमालक मात्र टोपी घालून तयार. "माथ्याच्या खाली आडवी वाट हाय, तितंच काय ते भ्या," ते म्हणाले. "भ्यायचं मी बगतो. तुमी पायाचं बगा."

आडवी वाट म्हणजे कड्याच्या पोटातून गेलेला वीसेक पावलांचा पट्टा. रुंदी जेमतेम दीड वीत, पायाखाली वाळलेलं निसरडं गवत, आणि डाव्या हाताला काहीच नाही. ते 'काहीच नाही' बघून मी टाकलेलं पाऊल मागे घेतलं. तेवढ्यात मागून आरोळी आली, "आये! मेलो! ताई, खाली बगू नका, म्या बगितलंय, लई वंगाळ हाय!" पुढच्या पावलाला, "माझी म्हस कोन पिळंल गं आये!" मला हसू आवरेना, आणि हसता हसता मी पलीकडे कधी पोचले ते कळलंच नाही. माथ्यावर पोचलो. खाली धरणाचं पाणी लांबवर पसरलेलं. मी बघत बसले, आणि हे गृहस्थ दरीकडे पाठ करून ठेचा-भाकरी खात बसले.

परतताना आडव्या वाटेवर निम्म्यात आले, आणि लक्षात आलं की मागून आवाजच येत नाही. वळून बघितलं. त्यांचा पाय सटकला होता. दोन्ही हातांनी कातळ धरून, गाल दगडाला टेकवून ते उभे होते. चेहरा पांढराफटक. पायाखालचा दगड घरंगळत गेला, आणि तो खाली पडल्याचा आवाज काही येईना. "काका!" मी हाक मारली. त्यांनी कातळ आणखी घट्ट धरला. आसपास चिटपाखरू नव्हतं. हा माणूस इथून हलला नाही तर? खाली जाऊन त्यांच्या बायकोला, मावशींना, मी काय सांगू?

काय करावं ते सुचेना, म्हणून मी त्यांचंच काम हातात घेतलं. "आई गं! मेले मी!" मी जीव खाऊन ओरडले. "माझ्या कुकरच्या शिट्ट्या कोण मोजेल गं आई! काका, मला लई भ्या वाटतंय!" तीन-चार आरोळ्या झाल्यावर त्यांचा गाल दगडावरून सुटला. एक पाय सरकला, मग दुसरा. मी पाऊल टाकत होते, ओरडत होते, आणि ते माझ्यामागून येत होते. पलीकडे पोचल्यावर आम्ही दोघं मातीत फतकल मारून बसलो. त्यांनी टोपीनं तोंड पुसलं. "ताई, तुमचं वरडनं कच्चं हाय," ते म्हणाले. "बेंबीच्या देठापासनं याया पायजे." मग हळूच, "हिला सांगू नका."

आता त्यांचे पाय थकलेत, डोंगर सुटला. मी मात्र महिन्या-दोन महिन्यांतून जाते. निघताना ते अंगणातून विचारतात, "आडव्या वाटंला किती वाजता?" मी म्हणते, "दहाला." मावशी सांगतात, बरोब्बर दहाला हा माणूस अंगणात डोंगराकडे तोंड करून उभा राहतो आणि "आये! मेलो!" म्हणून ठणाणा बोंबलतो. मागच्या खोलीतले नवे भाडेकरू दार उघडून बघतात. एवढ्या लांब तो आवाज पोचत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी मी आडव्या वाटेच्या तोंडाशी थांबते, घड्याळात दहा वाजू देते, आणि मगच पाऊल टाकते.